साडेसत्तेचाळीस

सोहारच्या बंदरात पहाटे पाचला
खमीस बलूशीच्या होडीतून सुरमई उतरते.
इथं तिला कनद म्हणतात.
काट्यावर पडते, काटा हेलकावतो, थांबतो.
खमीस फोनवर वजन टाकतो : साडेसत्तेचाळीस किलो.
बर्फाच्या गोदामात, काचेपलीकडे,
वर्गीसच्या जुनाट विंडोजवर उमटतं :
शून्य.

तीन दिवस शून्य.
वर्गीसचा फोन : "मासा माझ्यासमोर आहे,
त्याला शेपूट आहे, डोळा आहे, माझ्याकडेच बघतोय,
आणि तुझं ॲप म्हणतंय, मासाच नाही."
मी ते वाक्य म्हणालो जे आमच्या धंद्यात सगळे म्हणतात
आणि म्हणून झाल्यावर ज्याची लाज वाटते :
माझ्याकडे तर चालतंय.

चालत होतंच.
खणातले सातही फोन बाहेर काढले,
एकाची बॅटरी फुगलेली, एक चार्जर लावूनच जिवंत,
लॅपटॉप दोन, शिवाय नस्राचा टॅब.
अरबी करून पाहिलं :
मागे जायचा बाण उजवीकडे वळला,
यादी उजवीकडून सुरू झाली,
आरशातल्या घरासारखं सगळं जिथल्या तिथं.
वजन मात्र मी टाकत होतो
माझ्या कीबोर्डवरून, माझ्या सवयीच्या आकड्यांत.
हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

गुरुवारची रात्र, दुसऱ्या दिवशी सुट्टी.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
निव्वळ कंटाळ्यानं मी माझा फोन मराठीत केला.
भाषांच्या यादीत बरंच खाली जावं लागलं.
घड्याळात ११:४० उमटलं, आणि क्षणभर
शाळेच्या फळ्यावरची वेळ वाटली.
ॲप उघडलं. ४७.५ लिहिलं. पाठवलं.

शून्य.

नऊ वर्षं इथं राहून
माझ्याच भाषेत मी शून्य किलो भरलो.

रविवारी नस्रापुढे कागद ठेवला.
तिचे आकडे एका ओळीत, माझे खालच्या.
तिचा पाच माझ्या शून्यासारखा गोल,
तिचं शून्य म्हणजे नुसता ठिपका,
तिचा सहा इंग्रजी साताच्या कपड्यांत.
चार आणि चार मात्र लांबचे नातलग वाटले,
लग्नात ओळख निघावी तसे.
ती म्हणाली, "यांना आम्ही हिंदी आकडे म्हणतो.
तुमच्याकडूनच आले ना?"
म्हटलं, आमच्याकडे असे कुणी लिहीत नाही.
"मग हे कुणाचे?"
दोघांच्या करकवर साय धरली.

तीस चिन्हांची यादी केली,
प्रत्येकासमोर त्याची किंमत लिहिली.
कुठल्याही लिपीतून ये, म्हटलं, आत येताना
दारात चपला काढ आणि संख्या हो.
जे ओळखीचं नाही ते गाळून टाकलं.
सातही फोनांवर फिरवलं. हिरवं, हिरवं, हिरवं.
रात्री उशिरा पाठवून दिलं
आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

पहाटे वर्गीस.
"शून्य गेलं," म्हणाला. पुढे बराच वेळ हसत राहिला.
"आता चारशे पंच्याहत्तर किलो दाखवतंय.
खमीस इथंच उभा आहे, पैसे मागतोय."
मागून खमीसचा आवाज, त्याच्या बंदरी हिंदीत :
"अच्छा है भाई, ऐसाच रखो."

त्यांच्या लिखाणात दशांशाला टिंब नसतं,
टिंब तर तिथं शून्य आहे.
एक बारीक तिरकी खूण असते, स्वल्पविरामाच्या जातीची.
ती मी अनोळखी म्हणून झाडून टाकली होती.
अर्धा किलो मासा, आणि त्याच्याबरोबर सगळा हिशोब.

दुपारी स्वतःच गेलो गोदामात. बाहेर अंग भाजत होतं,
आत श्वास दिसत होता.
वर्गीसनं पहिल्या दिवसांची खोकी दाखवली.
प्रत्येकावर जाड काळ्या मार्करनं खमीसनं
वजन लिहून ठेवलेलं : ٤٧٫٥
थर्माकोलवर बर्फ वितळून ओघळ आले होते,
तरी ती तिरकी खूण जागेवर होती.
त्याला ॲपवर भरवसा कधी नव्हताच.

खोक्याचा फोटो काढला.
परत येऊन त्याच आकड्याची एक चाचणी लिहिली,
जी यापुढे प्रत्येक नव्या आवृत्तीआधी चालेल.
नाव काय द्यावं ते सुचेना.
मग लिहिलं, कनद.